पॉवर बीआयच्या फाइलला बाहेरून हात लावताना: टॅब्युलर एडिटर की व्हीएस कोड?

पुण्यात खराडी-हिंजवडीच्या सेवा कंपन्यांपासून चाकण-भोसरीच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांपर्यंत पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या साधनात केलेले अहवाल आता रोजच्या कामाचा भाग झाले आहेत. अहवाल दोन-तीन वर्षे वापरात राहिला, की मॉडेलमध्ये, म्हणजे अहवालामागच्या टेबल आणि सूत्रांच्या रचनेत, शे-दीडशे मेजर (बेरीज-टक्केवारीसारखे आकडे काढणारी सूत्रे) साठतात, पानांची संख्या वाढते आणि मूळ करणारा माणूस दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. अशा वेळी व्यवस्थापनाकडून मागणी येते, की सगळ्या रकमा मोठ्या असतील तर कोटींत आणि लहान असतील तर लाखांत आपोआप दिसाव्यात. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये ही बदलती मांडणी प्रत्येक मेजर निवडून, त्याच्या सूत्रपट्टीत स्वतंत्रपणे लिहावी लागते. दीडशे वेळा तेच काम करणे शक्य असले तरी शहाणपणाचे नाही, आणि म्हणून बाहेरच्या साधनांचा विचार सुरू होतो.

साधनांची यादी शोधायला फार वेळ लागत नाही. अडचण अशी, की त्या यादीत टॅब्युलर एडिटर, डॅक्स स्टुडिओ, एएलएम टूलकिट, पीबीआय-टूल्स आणि व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा टेक्स्ट एडिटर) ही नावे एकाच रांगेत मांडलेली असतात आणि कोणात किती सोयी आहेत यावरून निवड करावी असा समज होतो. प्रत्यक्षात निवड दुसऱ्याच प्रश्नावर ठरते: आपण केलेला बदल नेमका कुठे लिहिला जातो? तो संगणकाच्या मेमरीत चालू असलेल्या मॉडेलमध्ये लिहिला जातो, डिस्कवरच्या फाइलमध्ये लिहिला जातो, की थेट सर्व्हरवर? बदल मागे घेता येईल का, दोघांना एकाच वेळी काम करता येईल का आणि काम वाया जाण्याचा धोका कुठे आहे, या तिन्ही गोष्टी त्या उत्तरावर अवलंबून असतात.

पीबीआयएक्स फाइल उघडून बदल करणे

आधी जी वाट सोडून द्यावी असे माझे मत आहे, ती संपवतो. पीबीआयएक्स, म्हणजे पॉवर बीआय डेस्कटॉपची नेहमीची अहवालाची फाइल, ही मुळात झिप फाइल असते. तिचे एक्स्टेन्शन बदलून ती उघडली, तर आत पानांची मांडणी सांगणारी लेआउट नावाची फाइल, डेटा मॉडेल, सुरक्षेसंबंधीची सिक्युरिटी बाइंडिंग्ज ही फाइल आणि इतर काही गोष्टी दिसतात. लेआउट फाइल जेसॉन या साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्यामुळे ती वाचता येते आणि रंग किंवा शीर्षके त्यात सापडतात, म्हणून अनेकांना मोह होतो. पण तिचे एन्कोडिंग यूटीएफ-१६ असते, आणि बदल करून पुन्हा झिप केलेली फाइल डेस्कटॉप बहुधा खराब म्हणून नाकारतो, कारण सिक्युरिटी बाइंडिंग्ज फाइल बदललेल्या मजकुराशी जुळत नाही. ती फाइल आणि तिचा उल्लेख काढून टाकण्याची युक्ती प्रचलित आहे, परंतु मायक्रोसॉफ्टचा तिला पाठिंबा नाही. शिवाय मॉडेल संकुचित द्विमान (बायनरी) स्वरूपात असल्याने मेजरना या वाटेने हातच लावता येत नाही, म्हणजे ज्या कामासाठी आपण निघालो तेच होत नाही. कारखान्याचा मार्चअखेरचा अहवाल असल्या फाइलवर अवलंबून ठेवू नये.

चालू मॉडेलमध्ये लिहिणारी साधने

पॉवर बीआय डेस्कटॉप फाइल उघडतो तेव्हा पडद्यामागे अॅनालिसिस सर्व्हिसेसचे एक छोटे इंजिन आपल्याच संगणकावर सुरू होते आणि दर वेळी वेगळ्या पोर्टवर ऐकत बसते. जुलै २०२० मध्ये डेस्कटॉपच्या रिबनवर ‘एक्स्टर्नल टूल्स’ हा टॅब आला, तो या इंजिनाचा पत्ता बाहेरच्या साधनाला देण्यासाठीच. टॅबवरचे बटण दाबले, की सर्व्हर आणि डेटाबेस यांची नावे त्या साधनाला मिळतात आणि ते थेट चालू मॉडेलला जोडले जाते.

या गटात टॅब्युलर एडिटर २ सर्वांत उपयोगी आहे. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आकाराने लहान आहे, आणि त्याच्या डाव्या बाजूच्या झाडात मॉडेलमधल्या सगळ्या टेबल, कॉलम, मेजर आणि नाती एका नजरेत येतात. वर सांगितलेले लाख-कोटींचे काम त्यात असे होते: सगळे मेजर एकत्र निवडायचे, सी-शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली चार-पाच ओळींची स्क्रिप्ट लिहायची, जी निवडलेल्या प्रत्येक मेजरच्या फॉरमॅटच्या सूत्रात तीच अट घालते, आणि चालवायची. काही सेकंदांत दीडशे मेजर बदलतात. मग सेव्ह केले, की बदल डेस्कटॉपच्या चालू मॉडेलमध्ये जातो आणि पानावरची कार्डे ‘१२.४ कोटी’ अशी दिसू लागतात. ही स्क्रिप्ट मॅक्रो म्हणून साठवून पुढच्या अहवालातही वापरता येते. कंपनीचे पाच-सहा अहवाल एकाच साच्याचे असतील, तर ही एक सोयच साधन बसवण्याचे श्रम भरून काढते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. टॅब्युलर एडिटरमधले ‘सेव्ह’ म्हणजे डिस्कवरचे सेव्ह नव्हे. बदल मेमरीतल्या मॉडेलमध्ये गेलेला असतो. पीबीआयएक्स फाइलमध्ये तो तेव्हाच उतरतो, जेव्हा डेस्कटॉपमध्ये जाऊन पुन्हा सेव्ह केले जाते. उलट दिशेने पाहिले, तर बाहेरून आलेला बदल डेस्कटॉपच्या ‘अनडू’ला माहीत नसतो, आणि टॅब्युलर एडिटरची खिडकी एकदा बंद केली की तिथला अनडूही गेला. म्हणून स्क्रिप्ट चालवण्याआधी फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवणे हाच परतीचा खात्रीचा रस्ता उरतो. आणि प्रती ठेवत गेले, की ‘विक्री_अंतिम_नवी_२’ अशा नावांचे फोल्डर तयार होते, जे आपल्या बहुतेक कार्यालयांत पाहायला मिळते.

याच साधनातला ‘बेस्ट प्रॅक्टिस अॅनालायझर’ नियमांच्या यादीवरून मॉडेल तपासतो: भागाकारासाठी डिव्हाइड फंक्शन वापरले आहे का, टेबलांमधल्या नात्यांपुरते लागणारे कॉलम लपवले आहेत का, बेरीज करू नये अशा आकड्यांची आपोआप बेरीज होत नाही ना, वगैरे. दुसऱ्याने केलेला अहवाल ताब्यात घेताना ही तपासणी आधी करावी. पहिल्या अर्ध्या तासात समोरच्या माणसाची सवय कळते.

टॅब्युलर एडिटर ३ ही २०२१ पासून विकत मिळणारी आवृत्ती आहे. तिच्यात डॅक्स, म्हणजे मेजरच्या सूत्रांची भाषा, लिहिताना सूचना मिळतात, सूत्र टप्प्याटप्प्याने तपासणारा डीबगर आहे आणि क्वेरी चालवून उत्तरही पाहता येते. दिवसभर डॅक्स लिहिणाऱ्याला हे सगळे हवेच असते. पण विकत घेण्याआधी तिच्या प्रती नीट पाहाव्यात: डेस्कटॉप नावाची सर्वांत स्वस्त प्रत मुख्यतः पॉवर बीआय डेस्कटॉपसोबत वापरण्यासाठी आहे, आणि सर्व्हरवरच्या मॉडेलला थेट जोडायचे असेल तर वरची प्रत घ्यावी लागते. आठवड्यातून दोनदा मेजर बदलणाऱ्याने तिच्यासाठी मंजुरीचा अर्ज करू नये. आवृत्ती २ त्याला पुरते.

डॅक्स स्टुडिओ याच गटात येतो, परंतु तो संपादनाचे साधन नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवणाऱ्यांची निराशा होते. कोणत्या क्वेरीला किती वेळ लागला, त्यातला किती साठवणीच्या इंजिनात आणि किती सूत्राच्या इंजिनात गेला, आणि कोणता कॉलम किती मेमरी खातो, हे तो अचूक सांगतो. तारखेसोबत वेळ साठवलेला एखादा कॉलम मॉडेलचा मोठा हिस्सा व्यापून बसलेला असतो, तो तिथे लगेच दिसतो. म्हणजे काय बदलायचे ते डॅक्स स्टुडिओने ठरवावे आणि बदल टॅब्युलर एडिटरने करावा, अशी त्यांची जोडी आहे. दोन्ही ठेवण्यात खर्च नाही, कारण तोही मोफत आहे. एएलएम टूलकिटचे काम त्याहून मर्यादित: दोन मॉडेल शेजारी ठेवून फरक दाखवणे आणि निवडलेले फरक एकातून दुसऱ्यात नेणे. चाचणीचा आणि प्रत्यक्ष वापराचा अहवाल वेगळा ठेवणाऱ्यांनाच त्याची गरज पडते.

या संपूर्ण गटाची मर्यादा एकच आणि मोठी आहे. यांना मॉडेल दिसते, पान दिसत नाही. तीस पानांवरच्या आलेखांची शीर्षके बदलायची, कंपनीचा नवा रंग लावायचा किंवा एकच स्लायसर (पानावरचा निवडीचा फिल्टर) सगळ्या पानांवर त्याच जागी आणायचा असेल, तर टॅब्युलर एडिटर काहीही करू शकत नाही.

डिस्कवरच्या फाइलमध्ये लिहिणे: पीबीआयपी आणि व्हीएस कोड

जून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवर बीआय प्रोजेक्ट, म्हणजे पीबीआयपी, हे स्वरूप पूर्वावलोकनासाठी खुले केले. ‘सेव्ह अॅज’मध्ये ते निवडले, की एका बंद पीबीआयएक्स फाइलऐवजी दोन फोल्डर तयार होतात, एक अहवालाचा आणि दुसरा मॉडेलचा (ज्याला आता सिमँटिक मॉडेल म्हणतात), आणि त्यांतला बहुतेक मजकूर कोणत्याही टेक्स्ट एडिटरने वाचता येतो. मॉडेल टीएमडीएल या भाषेत लिहिले जाते, ज्यात प्रत्येक टेबलची स्वतंत्र फाइल असते. अहवालाची पाने पीबीआयआर या स्वरूपात ठेवली, तर प्रत्येक पानाचा एक फोल्डर आणि त्यात प्रत्येक व्हिज्युअलची (आलेख, कार्ड वगैरेंची) आपली जेसॉन फाइल असते. पीबीआयआर २०२४ मध्ये पूर्वावलोकनात आले. त्याआधी सगळा अहवाल एकाच रिपोर्ट-जेसॉन फाइलमध्ये कोंबलेला असे, आणि ती फाइल बाहेरून बदलण्याला पाठिंबा नव्हता. या वाटेने जायचे असेल, तर पीबीआयआर चालू केल्याशिवाय निम्मा फायदा हाताला लागत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

टीएमडीएल वाचायला सोपी आहे. मेजरचे नाव, बरोबरचे चिन्ह, सूत्र, आणि खाली एक टॅब आत सरकवून फॉरमॅट, डिस्प्ले फोल्डर असे गुणधर्म. वर्णन हवे असेल तर मेजरच्या वरच्या ओळीवर तीन तिरप्या रेघा देऊन लिहायचे. कंस-महिरपींचा पसारा नाही. मात्र रचना ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागेवर अवलंबून असल्याने, टॅबऐवजी स्पेस मिसळले की फाइल उघडताना चूक दाखवली जाते. व्हीएस कोडमध्ये मायक्रोसॉफ्टचे टीएमडीएल एक्स्टेन्शन बसवले, तर अशा चुका लिहितानाच दिसतात, आणि ते बसवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. आणखी एक बारकावा: जुने मेजर नक्कल करून नवे करताना त्याखालची लिनिएज टॅगची ओळ काढून टाकावी. तो त्या वस्तूचा ओळखक्रमांक असतो आणि दोन वस्तूंचा एकच असणे चालत नाही. ओळ नसेल, तर डेस्कटॉप नवा क्रमांक स्वतः देतो.

या वाटेचे खरे बळ शोधा-आणि-बदला या जुन्या सोयीत आहे. समजा, ‘एकूण विक्री’ या मेजरचे नाव ‘निव्वळ विक्री’ करायचे आहे. व्हीएस कोडमध्ये संपूर्ण फोल्डरभर ते नाव शोधले, की त्याची व्याख्या, त्यावर अवलंबून असलेली इतर मेजर आणि ते वापरणारे प्रत्येक पानावरचे व्हिज्युअल यांची यादी एकत्र समोर येते. बदल करण्याआधी ती यादी वाचता येते, हे मला बदलापेक्षाही मोलाचे वाटते, कारण ‘हे मेजर काढले तर काय मोडेल’ या प्रश्नाचे उत्तर पीबीआयएक्समध्ये अंदाजानेच द्यावे लागे. त्याच वेळी धोकाही इथेच आहे: फक्त टेबलच्या फाइलमध्ये नाव बदलले आणि व्हिज्युअलच्या फाइली तशाच राहिल्या, तर पानावर आलेखाच्या जागी चूक झाल्याचा संदेश दिसतो. डिस्कवरच्या फाइलींना एकमेकींची खबर नसते. ती जुळवाजुळव आपण करायची असते.

व्हिज्युअलच्या फोल्डरांना वीस अक्षरांची निरर्थक नावे असतात, त्यामुळे कोणती फाइल कोणत्या आलेखाची हे सुरुवातीला कळत नाही. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये वस्तूचे नाव कॉपी करण्याची सोय चालू केली, तर आलेखावर राइट क्लिक करून ते नाव घेता येते आणि व्हीएस कोडमध्ये शोधता येते. पीबीआयआरच्या जेसॉन फाइलींसाठी मायक्रोसॉफ्टने स्कीमा (रचनेचे नियम) खुला ठेवलेला असल्यामुळे कोणत्या ठिकाणी कोणती किंमत चालते, हे एडिटर सुचवतो.

मराठी नावे वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. टेबलचे नाव ‘ग्राहक’ असेल, तर टीएमडीएल फाइलचेही नाव तेच असते, आणि गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन, आपल्या मूळ सेटिंगनुसार असे नाव दाखवताना अक्षरांऐवजी तिरप्या रेघा आणि आकड्यांची माळ दाखवते. फाइल बिघडली असे समजून लोक घाबरतात. गिटमध्ये कोअर-कोटपाथ हे सेटिंग बंद केले, की ‘ग्राहक’ सरळ देवनागरीत दिसते. दुसरी गोष्ट एन्कोडिंगची: या फाइली बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची एन्कोडिंगची अदृश्य खूण) नसलेल्या यूटीएफ-८ मध्ये असाव्या लागतात. व्हीएस कोड तसेच लिहितो. पण विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेपूर्वीचे नोटपॅड तसे लिहीत नसे, आणि जुने संगणक असलेल्या कार्यालयांत हा फरक अजून त्रास देऊ शकतो.

पॉवर क्वेरीचे, म्हणजे डेटा आणून साफ करणाऱ्या भागाचे, टप्पे मात्र बाहेर बदलू नयेत, असे मी सुचवेन. ते टीएमडीएलमध्ये लिहिलेले दिसतात आणि बदलताही येतात, पण प्रत्येक टप्प्यानंतर डेटा कसा दिसतो हे एडिटरमध्ये पाहता येत नाही. शिवाय डेस्कटॉपमध्ये पॉवर क्वेरीचे न लागू केलेले बदल शिल्लक असतील, तर ते वेगळ्या फाइलमध्ये थांबलेले असतात आणि नंतर लागू केले की आपण बाहेर केलेले संपादन पुसू शकतात. सर्व्हरचे नाव किंवा फोल्डरचा पत्ता बदलण्यापुरते काम असेल तर ठीक. त्याहून मोठे काम डेस्कटॉपमध्येच करावे.

दोन्ही वाटा एकत्र चालतात का

चालतात, पण एका वेळी एकच. पीबीआयपी उघडलेला असताना व्हीएस कोडमध्ये फाइल बदलली, तर डेस्कटॉपला ते कळत नाही. तो आपल्या मेमरीतले मॉडेल दाखवत राहतो आणि त्यात सेव्ह दाबले, की मेमरीतली स्थिती डिस्कवर लिहिली जाऊन आपला बदल नाहीसा होतो. कोणतीही सूचना न येता हे घडते, म्हणून ज्या टीममध्ये दोन्ही साधने आहेत तिथे नियम ठरवून ठेवावा: व्हीएस कोडमध्ये हात घालण्याआधी डेस्कटॉप बंद, आणि काम झाल्यावर पुन्हा उघडून तपासणी. टॅब्युलर एडिटर चालू मॉडेलला जोडून वापरायचा असेल, तर उलट क्रम: डेस्कटॉप उघडा, बदल, डेस्कटॉपमध्ये सेव्ह, आणि मग गिटमध्ये कमिट, म्हणजे बदलाची नोंद.

जानेवारी २०२५ पासून डेस्कटॉपमध्येच टीएमडीएल व्ह्यू पूर्वावलोकनात मिळू लागला. मॉडेलमधली वस्तू त्या पानावर ओढली, की तिचा टीएमडीएल मजकूर दिसतो, तिथेच बदलता येतो आणि ‘अप्लाय’ करता येतो. त्यामुळे ज्यांना फक्त काही मेजरचे गुणधर्म एकत्र बदलायचे आहेत आणि कार्यालयात नवे सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी मिळत नाही, त्यांची गरज बाहेर न जाताही भागते. कॅल्क्युलेशन ग्रुपचेही, म्हणजे अनेक मेजरना एकच गणित लावणाऱ्या सोयीचेही, तसेच झाले. एकेकाळी ते बनवण्यासाठी टॅब्युलर एडिटर अपरिहार्य होता, आता डेस्कटॉपमध्ये ती सोय आहे. जुन्या शिफारशी वाचताना त्यांची तारीख पाहावी, ती यासाठी.

थेट सर्व्हरवर

एक्सएमएलए एंडपॉइंट या सर्व्हरला जोडण्याच्या पत्त्यामार्गे प्रकाशित मॉडेलमध्येच बदल करणे ही तिसरी जागा. त्यासाठी प्रीमियम पर युजर किंवा कपॅसिटीचा (कंपनीसाठी राखीव सर्व्हर-क्षमतेचा) परवाना लागतो. साध्या प्रो परवान्यावर ती सोय नाही. मोठ्या मॉडेलमध्ये एका मेजरसाठी सगळी फाइल पुन्हा प्रकाशित करावी लागत नाही, हा तिचा फायदा. पण त्या क्षणापासून आपल्या हातातली फाइल आणि सर्व्हरवरचे मॉडेल वेगळे होतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणी सहकारी जुन्याच फाइलवरून पब्लिश करतो तेव्हा सर्व्हरवरचा बदल पुसला जातो. फाइलींची शिस्त नसलेल्या टीमने या वाटेला जाऊ नये.

मग कोणी काय घ्यावे

अहवाल एकच माणूस सांभाळत असेल, तर माझे मत टॅब्युलर एडिटर २ आणि डॅक्स स्टुडिओ यांच्या बाजूने आहे. भोसरीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात हिशेब विभागातला एक जण उत्पादन आणि विक्रीचे अहवाल पाहतो; त्याला गिट शिकायला लावण्यात त्याचा वेळ जाईल आणि मिळणारा फायदा मुख्यतः इतिहास साठवण्याचा असेल, जो तारीख घातलेल्या प्रतींनी बऱ्यापैकी साधतो.

दोन किंवा अधिक जण एकाच मॉडेलवर काम करत असतील, तर उत्तर बदलते, आणि ते साधनांच्या गुणांमुळे नव्हे. पीबीआयएक्स द्विमान फाइल असल्यामुळे गिटला तिच्यात ‘काहीतरी बदलले’ एवढेच समजते. काय बदलले ते दाखवता येत नाही आणि दोघांचे बदल एकत्रही करता येत नाहीत. एक जण खराडीत आणि दुसरा घरून काम करत असेल, तर ‘फाइल मी घेतली आहे, हात लावू नका’ असा निरोप ग्रुपवर टाकण्याला पर्याय उरत नाही. पीबीआयपीमध्ये एकाने ‘ग्राहक’ टेबल आणि दुसऱ्याने ‘पुरवठादार’ टेबल बदलले, तर दोन वेगळ्या फाइली बदललेल्या असतात आणि मर्ज, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करणे, बिनबोभाट होते. इथे एक सावधगिरी हवी: सगळे मेजर एकाच रिकाम्या टेबलमध्ये ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. तिच्यामुळे प्रत्येक जण त्याच एका फाइलमध्ये लिहितो आणि एकमेकांवर आदळणारे बदल, म्हणजे कॉन्फ्लिक्ट, वारंवार येतात. विषयवार दोन-चार मेजर टेबल केली, तर हा त्रास बराच कमी होतो. डेस्कटॉप ओळींचा शेवट विंडोजच्या पद्धतीने लिहितो, म्हणून गिटमध्ये ऑटो-सीआरएलएफ चालू ठेवावे. नाहीतर एका ओळीच्या बदलासाठी सगळी फाइल बदललेली दिसते.

गोपनीयतेच्या बाबतीत पीबीआयपी सरस आहे, पण पूर्णपणे निर्धोक नाही. इम्पोर्ट पद्धतीच्या पीबीआयएक्समध्ये सगळा डेटा असतो, म्हणजे ती ईमेलने पाठवणे हे ग्राहकांची यादी पाठवण्यासारखेच आहे. पीबीआयपीमध्ये डेटाची प्रत एका कॅश फाइलमध्ये राहते आणि डेस्कटॉपच तयार करत असलेल्या गिट-इग्नोर फाइलमुळे ती गिटच्या सामायिक भांडारात जात नाही. म्हणून सहकाऱ्याने प्रकल्प उतरवून उघडला, की त्याला पहिल्यांदा रिकामी टेबल दिसतात आणि रिफ्रेश करावे लागते. परंतु ‘एंटर डेटा’ने हाताने भरलेले तक्ते पॉवर क्वेरीच्या मजकुरातच सांकेतिक रूपात साठवलेले असतात आणि ते भांडारात जातात, तसेच फिल्टरमध्ये निवडलेली नावे व्हिज्युअलच्या फाइलींत राहतात. पगाराचे तक्ते हाताने भरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

कार्यालयाच्या लॅपटॉपवर काय बसवू दिले जाते, हाही प्रश्न इथल्या बहुतेक कंपन्यांत निर्णायक ठरतो. एक्स्टर्नल टूल्सच्या टॅबवर साधन दिसण्यासाठी त्याची नोंदणीची छोटी जेसॉन फाइल प्रोग्रॅम फाइल्सच्या आतल्या एका फोल्डरमध्ये जावी लागते आणि तिथे लिहायला अॅडमिनचा अधिकार लागतो. शिवाय आयटी विभाग धोरणाद्वारे तो टॅबच बंद ठेवू शकतो. टॅब्युलर एडिटर २ आणि डॅक्स स्टुडिओ यांच्या न बसवता चालणाऱ्या आवृत्त्या मिळतात, आणि त्या आधी उघडून चालू असलेले मॉडेल यादीतून निवडता येते, पण त्यासाठीही विभागाची लेखी परवानगी घेणे बरे. व्हीएस कोडला परवानगी सहसा लवकर मिळते, कारण सॉफ्टवेअर विभागाने तो आधीच मागून घेतलेला असतो.

पीबीआय-टूल्सचा विचार फक्त त्यांनी करावा, ज्यांना कमांड लाइनवरून फाइली उलगडून स्वयंचलित तपासणी करायची आहे. पीबीआयपी आल्यापासून फाइल उलगडण्यापुरती त्याची गरज कमी झाली आहे. मॉडेल असलेला प्रकल्प जोडताना ते पीबीआयएक्सऐवजी डेटाविना टेम्प्लेट, म्हणजे पीबीआयटी देते, हेही आधी माहीत असावे.

पीबीआयपीकडे वळायचे ठरले, तर मार्चअखेर आणि लेखापरीक्षणाचे आठवडे टाळून एखादा कमी महत्त्वाचा अहवाल आधी घ्यावा. फोल्डर सी ड्राइव्हवर लहान नावाच्या जागी ठेवावा, कारण पानांच्या आणि व्हिज्युअलच्या आत-आत जाणाऱ्या फोल्डरांमुळे मार्ग लांबतो, विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा गाठली जाते, आणि कंपनीचे पूर्ण नाव असलेल्या वनड्राइव्ह फोल्डरमध्ये तर ती लवकरच गाठली जाते. मूळ पीबीआयएक्स फक्त वाचण्यापुरती ठेवून द्यावी, नवा प्रकल्प पुन्हा उघडून रिफ्रेश करावा, दोन्हीकडची महिन्याची एकूण रक्कम जुळते का ते पाहावे, आणि पहिले कमिट कोणताही बदल करण्याआधीच करावे.